दिव्याचं कपाट

"आता किती मिनिटं झाली?"

"मिनिटं कसली विचारताय? वास आला का ते सांगा."

"कसला वास?"

"रव्याचा! कढईत दुसरं काय आहे?"

अनंतराव शाळिग्रामांनी कढईवर इतकं वाकून नाक नेलं, की स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या चंद्रिकाबाई ओरडल्याच. "अहो, नाक भाजेल! आणि हात का थांबला? हलवा, हलवा. खालून लागतोय तो."

"तू तिथून उंटावरून शेळ्या हाकू नकोस. मला नीट आकडा सांग. दहा मिनिटं की बारा?"

"वास येईपर्यंत."

अनंतरावांनी सुस्कारा सोडला, डाव्या हाताने खिशातली छोटी वही काढली, ओट्यावर उघडी ठेवली आणि लिहिलं: 'रवा भाजणे. मंद आच. अकरा मिनिटे. वास.' आणि 'वास'च्या पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं. या माणसाला एकाहत्तराव्या वर्षी कोणी रव्याचा वास ओळखायला सांगेल, असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. देहूरोडच्या लष्करी डेपोत चौतीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून काढलेली. सकाळच्या लोकलने लोणावळ्याहून जायचं, संध्याकाळच्या लोकलने परत यायचं, आणि आलं की ताट समोर. स्वयंपाकघरात ते शिरायचे ते पाणी प्यायला. चहा तेवढा आपल्याला उत्तम येतो, असं ते चारचौघांत सांगत, आणि तो चहा प्यायलेले लोक गप्प बसत.

पण फेब्रुवारीत चंद्रिकाबाईंना पक्षाघाताचा झटका आला आणि घराची सगळी घडीच विस्कटली. जीभ आठवडाभर अडखळली आणि मग पूर्वीसारखी चालू लागली, किंबहुना पूर्वीपेक्षा धारदार झाली. पाय काठीच्या आधाराने चालू लागला. उजवा हात मात्र रुसला तो रुसलाच. नगरपालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं पहिलीला शिकवलेला तो हात. लोणावळ्याच्या बाजारात आजही कोणी दुकानदार "बाई, तुमीच माझा हात धरून ग म भ न गिरवून घेतलंत" असं म्हणत गल्ल्यावरून उठतो. बाईंचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. आणि आता त्याच हाताला चमचा उचलतानासुद्धा विचार करावा लागायचा. फिजिओथेरपीवाल्या मुलीने सांगितलं होतं, रोज एक ओळ लिहा. पाटी आणून दिली होती. ती पाटी पलंगाखाली तशीच पडली होती. "माझं अक्षर मला बघवणार नाही," एवढं एकदा म्हणून बाईंनी तो विषय संपवला होता.

तीन महिने दोघं पुण्याला मुलीकडे राहिली. इरावती जिवाला जीव देणारी पोर, जावईही भला माणूस. पण आठव्या मजल्यावर बाईंचा जीव गुदमरायचा. खिडकीतून खाली बघितलं की गाड्यांची टपं, वर बघितलं की दुसऱ्या इमारतीच्या बाल्कनीत वाळत घातलेले टॉवेल. "सगळे छान वागतात हो," त्या एकदा नवऱ्याला हळूच म्हणाल्या होत्या, "पण मी पाहुणी असल्यासारखी वागते. मला घरी न्या."

तर मे महिन्यात दोघं लोणावळ्याच्या तुंगार्लीतल्या आपल्या चार खोल्यांत परत आली. इरावतीने सोडलं, पण रोज स्वयंपाकाला बाई हवी या अटीवर. आणि ती अट जुलैत मोडली.

त्याचं असं झालं, की स्वयंपाकाला येणाऱ्या वाकसईच्या नंदाबाईंची भाताची आवणी निघाली. रोपं उपटून चिखलात लावायची तर घरातली सगळी माणसं वावरात लागतात. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, आता आवणी, मग बेणणी. गणपतीपतोर माझं काय खरं न्हाई बघा. झाडलोट, भांडी आन् चार भाकऱ्या, येवढं एक दिवसाआड येऊन करीन. पर रोजचा सैपाक न्हाई जमायचा." आता एखादीचं शेत थोडंच थांबवता येतं? मग अनंतरावांनी सोपा रस्ता धरला. दुकानातून पाकिटं आणली. उपम्याचं पाकीट, खिचडीचं पाकीट, पोह्यांचं पाकीट. गरम पाणी ओतायचं, पाच मिनिटं झाकायचं, की झालं. त्यांना तर देवच पावला.

पंधरा दिवसांनी इरावती आली. आईचं ब्लडप्रेशर तपासलं आणि तिचा चेहराच उतरला. मग कचऱ्याची बादली उघडली, त्यातलं एक पाकीट उलटं केलं, चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली.

"बाबा, यात मीठ किती आहे माहितेय? आणि आईला हे तुम्ही दोन वेळा देताय?"

"अगं, गरम पाणी घातलं की..."

"ते कळलं मला. बाबा, मी भांडायला आलेली नाही. पण मी तिकडे रात्रभर कूस बदलत असते. गणपतीला येईन तेव्हा नीट चाललेलं दिसलं तर ठीक. नाहीतर तुम्ही दोघं माझ्याबरोबर पुण्याला. कायमचं. घर भाड्याने देऊ."

ती गेल्यावर बाईंनी ते फाटकं पाकीट मागून घेतलं, डाव्या हाताने नाकाशी धरलं आणि म्हणाल्या, "आहे काय असं यात? भाजलेला रवा. मोहरी, उडदाची डाळ, कढीपत्ता. फोडणीसकट सुकवून ठेवलंय, झालं. हे आपण घरी करू."

"आपण म्हणजे कोण?"

बाईंनी नुसतं बघितलं. अनंतरावांना आज्ञा कळली.

हा असा श्रीगणेशा. नंदाबाईंना कळलं तेव्हा त्या भांडी घासता घासता पोट धरून हसल्या. "ह्ये तुमी आता शोधून काढलं व्हय, भाऊ? आमची आजी सातूचं पीठ फडक्यात बांधून न्यायची की वावरात. गूळ टाकला, पानी वतलं, झाली न्याहारी. तिला कुटं पाकीट ठावं होतं!"

"तिच्या सातूच्या पिठाला बुरशी यायची का हो?" अनंतरावांनी गंभीरपणे विचारलं.

कारण पहिल्याच घाण्याला बुरशी आली होती. रवा झकास भाजला, फोडणी केली, कढीपत्ता टाकला, सगळं एकत्र केलं आणि मोठ्या उत्साहात गरम गरमच बरणीत भरून झाकण घट्ट लावलं. चौथ्या दिवशी झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब आणि रव्यावर हिरवट केस. लोणावळ्याची हवा ती! ऑगस्टात इथे चपला कोपऱ्यात हिरव्या होतात, काडेपेटी पेटत नाही, मीठ बरणीतून चमच्याने खरवडून काढावं लागतं. बाई म्हणाल्या, "जाऊ दे हो, पहिल्यांदा होतंच." पण अनंतरावांना ते फार लागलं. चौतीस वर्षं ज्याने सरकारी मालाला ओल लागू दिली नाही, त्याच्या स्वतःच्या घरात दोन वाट्या रवा सर्दावला! त्या दिवशी ते नीट जेवलेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी बायकोचं साड्यांचं कपाट रिकामं केलं.

लोणावळ्यात घरोघर एक असं कपाट असतं. त्यात एक जुना पिवळा दिवा लावलेला असतो आणि पावसाळाभर तो दिवस-रात्र जळतो, म्हणजे आतल्या कपड्यांना वास लागत नाही. शाळिग्रामांच्या कपाटात बाईंच्या रेशमी साड्या होत्या. त्या आता चादरीत गुंडाळून पलंगावर गेल्या आणि कपाटात स्वच्छ पुसलेल्या काचेच्या बरण्या आल्या.

"माझी पैठणी पावसात आणि रवा दिव्याखाली!" बाई म्हणाल्या.

"पैठणी नेसून गणपतीत पुण्याला जायचंय की उपमा खाऊन इथे राहायचंय?"

असं बिनतोड उत्तर दोन-चार वर्षांतून एकदाच सुचे. अनंतरावांनी तो क्षण मनापासून उपभोगला.

मग मात्र घोडं पळायला लागलं. कढीपत्ता हातात चुरचुर वाजेपर्यंत तळायचा. फोडणीला तेल अगदी बेताचं. ताटात पसरून पूर्ण गार करायचं, आणि मगच झाकण. मीठ मोजून, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. बाई खुर्चीतून 'अंदाजाने' सांगायच्या आणि अनंतराव त्या अंदाजाचा आकडा करून वहीत लिहायचे. 'चिमूटभर म्हणजे किती' यावर तर एकदा अर्धा तास वाद झाला, शेवटी बाईंनी डाव्या हाताच्या चिमटीत हिंग घेतला आणि यांनी तो औषधाच्या चमच्यात ओतून बघितला. लसूण खरपूस करून घातलेलं कोरडं पिठलं झालं. मेतकूट झालं. मूग डाळ आणि नंदाबाईंच्या घरचा इंद्रायणी तांदूळ धुऊन, वाळवून, परतून खिचडी झाली. ब्लडप्रेशरचा आकडा पायरी पायरीने खाली उतरला, तोही वहीत लिहिला गेला. आणि बाराव्या की तेराव्या दिवशी रवा परतताना अनंतराव एकदम ओरडले, "आला!"

"काय आलं?"

"वास! चंद्रिका, वास आला!"

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. अनंतरावांनी बघितलं नाही असं दाखवलं.

आता एवढं सगळं सुरळीत चालल्यावर माणसाने गप्प बसावं की नाही? पण सवय, दुसरं काय. डेपोत कुठल्याही खोक्यावर मालाचं नाव नसतं, नंबर असतो. अनंतरावांनीही प्रत्येक बरणीवर पांढरी पट्टी चिकटवली आणि वर सुबक आकड्यांत लिहिलं: ०१/३, ०२/१, ०४/२. पहिला आकडा मालाचा, दुसरा घाण्याचा. कोणता नंबर कशाचा, ते वहीत. आणि वही खिशात.

"कशाला हो हे?" बाई म्हणाल्या. "बरणीत उपमा आहे हे शत्रूला कळू नये म्हणून?"

"पद्धत म्हणजे पद्धत. आणि तुला काढायचंय का काही? मी आहे ना. तू नुसतं सांग."

यातही एक गोम होती. उपम्याच्या तिसऱ्या घाण्याला फोन आला म्हणून मीठ दोनदा पडलं होतं. बाई म्हणाल्या, फेका. पण स्टोअरकीपर माल फेकत नाही. नापास माल बाजूला ठेवायचा, त्यावर लाल पेन्सिलीने फुली मारायची, नोंद करायची, आणि महिनाअखेर एकदम काढून टाकायचा. तेव्हा ०१/३ ची ती दुप्पट खारट बरणी, ०१/४ च्या चांगल्या बरणीशेजारीच, लाल फुलीची चिठ्ठी लावून कपाटात बसली होती. दिसायला दोघी जुळ्या बहिणी.

पंधरा ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्या. सोळा तारखेला, शनिवारी, सकाळी दहाला अनंतराव थालीपिठाची भाजणी दळायला बाजारात निघाले. "तासाभरात येतो. अकराला तुझ्या खाण्याची वेळ, मग गोळी. तोवर उठू नकोस. काही करू नकोस. बसून राहा."

"दिवसभर बसूनच तर आहे," बाई म्हणाल्या. पण अनंतराव तोवर छत्री उघडत होते.

गिरणीत पोचले आणि वीज गेली. ती आली पावणेबाराला. पुढे चार गिऱ्हाइकं. दळण घेऊन बाहेर पडले तर सगळं लोणावळा ठप्प. मुंबईच्या, पुण्याच्या गाड्या एकीला एक चिकटून उभ्या, त्यांतून गाणी, मक्याची कणसं आणि भिजलेली पोरं बाहेर डोकावतायत. रिक्षावाला म्हणाला, "काका, आज विसरा. आज पायीच बरं." अनंतरावांनी फोनसाठी खिशात हात घातला. फोन नव्हता, तो घरी चार्जिंगला लावलेला. हाताला लागली ती वही.

आणि तिथेच, भर चौकात, त्यांच्या पाचावर धारण बसली. साडेबारा वाजून गेले होते. चंद्रिकाने अजून काही खाल्लं नसणार, म्हणजे गोळीही नाही. भूक असह्य झाली तर ती उठेल. ती काही ऐकणाऱ्यातली नव्हे. कपाट उघडेल. आणि कपाटात नुसते आकडे! लाल फुलीची चिठ्ठी तेवढी... पण ती चिठ्ठी काल सकाळी दमट हवेने सुटून खाली पडलेली त्यांनी स्वतः पाहिली होती. नंतर चिकटवू म्हणून टेबलावर ठेवली आणि राहिली ती राहिलीच. म्हणजे तिच्या हाताला ०१/३ लागली तर? भुकेल्या पोटी, गोळी न घेता, दुप्पट मीठ?

एकाहत्तर वर्षांचा माणूस एका बगलेत भाजणीचा डबा आणि डोक्यावर छत्री धरून तुंगार्लीच्या चढावर जवळजवळ पळत सुटला. गाड्यांतली पोरं बघून हसली. हसू देत. वाटेत त्यांनी स्वतःला ज्या शिव्या घातल्या, त्या डेपोतल्या हमालांकडून शिकलेल्या होत्या.

फाटकापाशी आले आणि थांबले. दारात इरावतीची गाडी उभी होती.

गणपतीला अजून अकरा दिवस होते. ही आजच आली! आणि हिला आई घरात एकटी, उपाशी सापडली असणार. अनंतरावांच्या डोळ्यांसमोर आठवा मजला आला, ते टॉवेल आले, खिडकीशी पाहुण्यासारखी बसलेली चंद्रिका आली. सगळा खेळ आपल्या पद्धतीपायी संपला. त्यांनी छत्री मिटली आणि चपला काढायचं विसरून आत गेले.

इरावती टेबलाशी बसून बशीतून काहीतरी खात होती. समोर चंद्रिकाबाई. त्यांचीही बशी रिकामी झाली होती आणि शेजारी गोळीचं फोडलेलं वेष्टन.

"मीठ," अनंतराव धापा टाकत म्हणाले.

"काय बाबा?"

"मीठ कसं आहे? उपम्यात?"

"बरोबर आहे की. जरा कमीच आहे. बसा आधी, किती भिजलाय!" इरावती उठून टॉवेल घेऊन आली. मग तिचा आवाज बदलला. "बाबा, आई दोन-अडीच तास एकटी होती. तुमचा फोन इथे वाजत होता. मी आलेच नसते तर?"

"चूक झाली," अनंतराव खाली बसले. "माझीच चूक. तू म्हणशील तसं करू. पुण्याला..."

"थांबा हो तुम्ही," चंद्रिकाबाई म्हणाल्या. "कशाला लगेच पांढरं निशाण दाखवताय? ती आली तेव्हा माझं सगळं होतच आलं होतं. किटलीत पाणी उकळत होतं. इरा, सांग तुझ्या वडिलांना काय बघितलंस ते."

इरावतीने टॉवेल वडिलांच्या हातात दिला. "दार नुसतं लोटलेलं होतं," ती म्हणाली. "मी हाक मारणार होते. आई कपाटासमोर स्टुलावर बसली होती. गुडघ्यांत बरणी धरून डाव्या हाताने झाकण फिरवत होती. वास घ्यायची, चिमूटभर जिभेवर ठेवायची. मग झाकण लावायची, आणि..." तिने बोटं पेन धरल्यासारखी जुळवली. "आणि उजव्या हातात पेन धरायची. तो हात हलत होता सारखा. मग तिने डाव्या हाताने उजवा हात धरला, वर्गात पोरांचा धरायची ना, तसा. आणि लिहीत होती. मी दारातच उभी राहिले. मला आत यायलाच होईना."

अनंतराव उठले आणि कपाटापाशी गेले.

दिव्याच्या पिवळ्या उजेडात नऊ बरण्या उभ्या होत्या. त्यांचे आकडे जागच्या जागी होते, पण प्रत्येक आकड्याच्या खाली आता एक शब्द होता. वाकडा, थरथरलेला, कुठे पट्टीबाहेर गेलेला. 'उपमा'. 'पिठलं', त्यातला ठ फुटलेल्या अंड्यासारखा. 'मेतकूट'. 'खिचडी'ची वेलांटी शेजारच्या बरणीला भेटायला निघालेली. आणि अगदी कडेला ०१/३ ची बरणी. तिच्यावर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत: 'खारट. फेका.'

अनंतरावांना हसू फुटलं, आणि हसता हसता कधी रडू आलं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. ते कपाटात तोंड घालून तसेच उभे राहिले.

"तुमच्या आकड्यांचा राग आला होता मला," मागून चंद्रिकाबाई म्हणाल्या. "भूक लागली होती, आणि माझ्याच घरात मला माझाच उपमा सापडेना. अहो, सहा महिने सगळे मला एकच सांगतायत. तू बसून राहा, तू काही करू नकोस. पुण्यात तेच, इथे तेच. आज कोणी सांगायला नव्हतं, म्हणून झालं."

बाहेर गाड्यांचे भोंगे चालू होते. इरावतीने बशीतला उरलेला उपमा संपवला आणि बोटाने बशी पुसून घेतली, लहानपणी पुसायची तशी.

"नंदाबाई कधीपासून रोज येणार?" तिने विचारलं.

"गणपतीनंतर."

"फोन घरी विसरायचा नाही. गळ्यात अडकवा हवं तर. आणि शेजारच्यांकडे एक किल्ली."

"अडकवतो," अनंतराव म्हणाले.

"मग दिवाळीला बघू परत." ती जरा थांबली. "आणि बाबा, यातली उपम्याची एक बरणी मला हवीय. मीही तिकडे पाकिटंच खाते. कोणाला सांगू नका."

"बघितलंस?" चंद्रिकाबाई म्हणाल्या. "आणि आम्हाला तपासायला येते!"

दुसऱ्या दिवशी दुपारी इरावती गेली. गाडीत मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेली उपम्याची एक आणि मेतकुटाची एक अशा दोन बरण्या होत्या. फाटक लावून अनंतराव आत आले. चंद्रिकाबाई आडव्या झाल्या होत्या. अनंतरावांनी कपाट उघडलं, महिनाअखेरीची वाट न बघता ०१/३ ची बरणी काढली आणि खारट रवा मागच्या अंगणात ओतून टाकला. बरणी धुवायला घेतली. पाण्यात टाकण्याआधी तिच्यावरची पट्टी मात्र नखाने हलकेच सोडवून घेतली आणि वहीच्या पानावर चिकटवली. मग खिशातून लाल पेन्सिल काढली. चौतीस वर्षं या पेन्सिलीने त्यांनी फुल्याच मारल्या होत्या. त्यांनी जरा विचार केला आणि 'खारट. फेका.' च्या खाली जपून लिहिलं: 'छान.'

"काय चाललंय?" पलंगावरून आवाज आला. बाई काठी टेकत मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी वही हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. मग त्यांनी वही परत दिली आणि पलंगाशी जाऊन वाकून, काठीच्या टोकाने, खालची पाटी पुढे ओढली.

"शेऱ्याखाली तारीख घालतात," त्या म्हणाल्या. "एवढंही माहीत नाही?"

अनंतरावांनी तारीख घातली.